हिरवी एमजीबी रोडस्टर, १९६६ : रंगाच्या आतली गाडी

इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे सध्या १९६६ सालची गडद हिरवी एमजीबी रोडस्टर, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची उघड्या टपाची गाडी, विकायला आहे. मागितलेली किंमत १९,५०० पौंड असून जाहिरातीत ‘संपूर्ण पुनर्बांधणी केलेली’ असा शब्दप्रयोग आहे. ही गाडी मी दोनदा पाहिली, एकदा कोरड्या हवेत आणि दुसऱ्यांदा मुद्दाम पावसात. दुसऱ्या खेपेस ती १२ मैल चालवलीही. जाहिरातीतला ‘संपूर्ण’ हा शब्द गाडीच्या उजव्या बाजूला शोभतो. डाव्या बाजूबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल.

एमजीबी ही दुर्मिळ गाडी नव्हे, हे किंमत ठरवताना विसरू नये. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात रोडस्टर आणि बंद टपाची जीटी मिळून अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. सुटे भाग आजही सहज मिळतात, इतके की ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था अख्खी नवी बॉडीदेखील बनवून देते. त्यामुळे खरेदीदाराने हुरळून जाण्याचे कारण नाही; ही नाही तर दुसरी मिळेल. वर्ष मात्र चांगले आहे. १७९८ सीसीच्या इंजिनात क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग १९६४ च्या अखेरीस आली, आणि अमेरिकी नियमांपायी काळे रबरी बंपर लावून गाडीची उंची वाढवण्याचा प्रकार १९७४ चा. त्या दोहोंच्या मधली, क्रोमच्या बंपरची ही गाडी आहे.

आता डाव्या बाजूकडे वळतो. आधीच्या एमजीए गाडीला वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, होती. एमजीबीला ती नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. वर टप नसल्यामुळे हा भार मुख्यतः दारांखालच्या दोन सिलवर येतो. बाहेरून सिल म्हणजे एक साधी पट्टी दिसते, पण आत बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, त्यांच्यामधला उभा पत्रा आणि तळाशी किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असलेली, म्हणून ‘कॅसल रेल’ म्हटली जाणारी पट्टी, अशी पेटीसारखी रचना असते. पाणी आणि चिखल आत साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आतले बरेच काही गेलेले असते. हे काम करताना दाराच्या चौकटीत आडवा आधार न लावता जुना पत्रा कापला, तर गाडी मध्यभागी किंचित खचते आणि नवा पत्रा जोडताच तो खच कायमचा पक्का होतो. त्याची खूण दाराच्या फटीत सापडते.

उजव्या दाराची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे. डाव्या दाराची मागची फट खाली पुरेशी रुंद असून वर इतकी अरुंद होत जाते की जाड कागदही अडखळतो. गाडी रॅम्पवर घेण्याची विनंती विक्रेत्याने विनातक्रार मान्य केली, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे. खालून पाहिल्यावर उजवीकडे कॅसल रेलच्या खाचा आणि पाणी वाहून जाण्याची भोके जागच्या जागी दिसली. डावीकडे खाचा नाहीतच. जुन्या भागावर सरळ एक सपाट पट्टी वेल्ड करून वर काळा जाड लेप फासला आहे. सिलचे पुढचे टोक पुढच्या मडगार्डच्या आत जाते, म्हणून सिल नीट बदलायचे तर बोल्टने बसवलेला हा मडगार्ड उतरवावाच लागतो. उजव्या मडगार्डचे बोल्ट नवे आहेत. डाव्या बोल्टांवर मात्र रंगाचे जुने थर तसेच असून पान्याची एकही खूण नाही, म्हणजे हा मडगार्ड बऱ्याच वर्षांत उतरलेला नाही. कामाच्या छायाचित्रांची जाडजूड फाईल दाखवण्यात आली. तिच्यात उजव्या सिलचा प्रत्येक टप्पा आहे, आणि डाव्या सिलचे एकच छायाचित्र, तेही रंग दिल्यानंतरचे. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ म्हणावे इतकी ही गाडी वाईट नक्कीच नाही. पैसे किंवा धीर यांपैकी काहीतरी अर्ध्यावर संपले असावे, असा माझा अंदाज आहे.

यंत्राकडे वळल्यावर मात्र समाधान वाटले. किल्ली फिरवताच मागच्या बाजूचा एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप टकटक करू लागला आणि दोन्ही कार्ब्युरेटर भरताच शांत झाला. ही टकटक थांबली नसती तर पेट्रोल कुठेतरी गळते आहे किंवा फ्लोटची सुई नीट बसत नाही असे समजावे लागले असते. चोक ओढून थंड इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले. तेलाचा दाब आणि पाण्याचे तापमान एकाच तबकडीत दाखवणारे जुने मीटर अजून जागेवर आहे, आणि इंजिन तापल्यावर चालत्या गाडीत त्यावर ६० पौंड प्रति चौरस इंचाच्या आसपास तेलाचा दाब होता, जो या इंजिनाला अगदी योग्य आहे. सिलिंडर हेडमध्ये व्हॉल्वच्या कठीण बैठका बसवल्याची पावती फाईलमध्ये आहे. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री २००० साली थांबली आणि शिशाविना जुन्या बैठका लवकर झिजतात, त्यामुळे हे काम झालेले असणे महत्त्वाचे. इंधनाच्या रबरी नळ्याही बदललेल्या आहेत, कारण २०२१ पासून पंपावर मिळणाऱ्या ई-१० पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबराला खाते.

रस्त्यावर गाडी गोड चालते. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे दाते बिनआवाज जुळवणारी रचना) नसल्याने गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नये. टाकल्यास गिअरबॉक्स कर्कश आवाजात आपले मत कळवते. स्टीअरिंग हलके नाही, पण रस्ता जसा आहे तसा हातापर्यंत पोचतो. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये लागणारी, त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणारी ओव्हरड्राइव्ह डॅशबोर्डवरच्या बटणाने तत्काळ लागली आणि इंजिनाचा सूर उतरला. हा उतार कानानेच ओळखावा लागला, कारण इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा शून्यावरून हललाच नाही. विक्रेत्याच्या मते ही ‘किरकोळ वायरिंगची बाब’ आहे. माझे मत वेगळे आहे. त्या काळी या गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असे. या गाडीत डायनॅमो काढून ऑल्टरनेटर बसवताना ऋण ध्रुव बॉडीला जोडला आहे; बदल उपयुक्तच आहे, परंतु जुना टॅकोमीटर उघडून आतली जोडणी बदलल्याशिवाय तो उलट्या ध्रुवांवर चालत नाही. ते केलेले दिसत नाही. खर्च फारसा नाही, पण राहून गेलेल्या कामांच्या यादीत एक भर पडली.

रिव्हर्समधून पहिल्यात जाताना मागून स्पष्ट ‘टक्’ ऐकू येते. जॅक लावून, एकाला ब्रेक दाबून धरायला सांगून मी मागचे डावे चाक हलवले, तेव्हा हब आणि तारांच्या चाकाच्या दात्यांमधली झीज हाताला लागली. नुसते चाक बदलून भागत नाही; झिजलेला हब नवे चाकही लवकर खातो, म्हणून दोन्ही घ्यावे लागतील. पुढची चाके ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस वेळेवर मिळालेले दिसते. पावसात वरच्या कापडी हूडच्या कोपऱ्यातून चालकाच्या गुडघ्यावर ठिबकते, ते मी दोषांत धरत नाही. रोडस्टर हवी आणि गुडघाही कोरडा हवा, असे कसे चालेल?

कागदपत्रांत गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचे, कारखान्याच्या नोंदींवरून दिलेले हेरिटेज प्रमाणपत्र आहे, आणि त्यानुसार कारखान्यातून ही गाडी लाल रंगात बाहेर पडली होती. डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारला की तो लाल अजूनही दिसतो. हिरवा रंग उत्तम बसला आहे, मलाही तोच अधिक आवडला. पण मूळ रंगाचा आग्रह धरणारा गिऱ्हाईक पुढे किंमत पाडून मागेल आणि ही गोष्ट जाहिरातीत यायला हवी होती. ४० वर्षांहून जुनी असल्याने गाडीला रस्ताकर नाही आणि गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का ते पाहणाऱ्या वार्षिक एमओटी तपासणीचीही सक्ती नाही. विक्रेता या सवलतीचा उल्लेख गुण म्हणून करतो. मला ती अडचण वाटते, कारण त्यामुळे डाव्या सिलखाली तटस्थ माणसाने अलीकडे डोकावलेलेच नाही. स्वेच्छेने एमओटी करून घेता येते. कोणीही ही गाडी घेण्यापूर्वी तशी अट घालावी.

दोन्ही बाजू उजवीसारख्या असत्या तर मागितलेली किंमत मी वाजवी म्हटली असती. आहे त्या स्थितीत १५,००० पौंडांच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे, कारण डावे सिल नव्याने करायचे म्हणजे ती संपूर्ण बाजू पुन्हा रंगवणे आले, आणि खचलेली चौकट सरळ होईलच याची हमी कोणताही पत्र्याचा कारागीर आधी देणार नाही. मी विक्रेत्यापुढे दुसराही पर्याय ठेवला होता : डावा मडगार्ड माझ्या खर्चाने उतरवून आतले पाहू द्यावे, आणि आत सारे ठीक निघाल्यास पूर्ण किंमत घ्यावी. त्यांनी थोडा विचार केला आणि नम्रपणे नकार दिला. मडगार्ड उतरवला तर नव्या रंगाला तडा जाईल, असे त्यांचे म्हणणे पडले.