हंगाम आणि पावसाळा : लॅपटॉपच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीत घेतलेल्या या मध्यम किमतीच्या लॅपटॉपवर देवगडजवळच्या आमच्या आंबाबागेचा हिशेब, पेट्यांच्या पावत्या आणि गिऱ्हाइकांच्या मागण्या ठेवतो. १६ जीबी मेमरी आणि एसएसडी असलेल्या यंत्राला हे काम म्हणजे किरकोळच. पण एप्रिलमध्ये, ऐन मागणीच्या दिवसांत, एक्सेलमध्ये टंकलेला आकडा पडद्यावर उमटायला वेळ लागू लागला.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला, तो मी मानला नाही, कारण टास्क मॅनेजर (यंत्राच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) वेगळेच सांगत होता. मेमरी निम्मी मोकळी होती, डिस्कवर ताण नव्हता, आणि प्रोसेसरचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ असताना चालू वेग मात्र ०.९ च्या आसपास अडकलेला होता. कितीही काम टाकले, चार्जर जोडलेला असला, तरी तो वर सरकत नव्हता. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंगच्या आत, 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट', म्हणजे प्रोसेसरला जास्तीत जास्त किती वेगाने चालू द्यायचे ती मर्यादा, बॅटरीसाठी आणि थेट विजेसाठीही ४० टक्के निघाली. ती १०० केली, तेव्हा लॅपटॉप लगेच ताळ्यावर आला. मात्र कंपनीने सोबत दिलेल्या बॅटरी-बचतीच्या प्रोग्रॅममध्ये बचतीची सोय सुरू करताच पुन्हा ४० चा आकडा हजर! बॅटरी वाचवणे ठीक आहे, पण वीज जोडलेली असतानाही वेग दाबून ठेवायचा आणि तसे कुठे सांगायचेही नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. तो प्रोग्रॅम मी काढून टाकला.

तरीही सरसकट सगळे १०० वर ठेवावे, असे माझे मत नाही. आमच्याकडे पावसात तारेवर फांदी पडली की वीज कधी येईल याचा नेम नसतो, आणि इन्व्हर्टरवर पंखे-दिवे आधी. म्हणून बॅटरीवर मर्यादा ६० ठेवली आहे. पावत्यांना तेवढा वेग पुरतो. मे महिन्याच्या उकाड्यात थेट विजेवरही ९९ ठेवले होते, कारण १०० पेक्षा एकानेही कमी आकडा दिला की बहुतेक प्रोसेसरांचा टर्बो वेग (गरजेला मूळ वेगाच्याही वर जाणारा) बंद राहतो, आणि मग यंत्र कमी तापते व पंख्याची घरघर थांबते.

थोडा वेळ हात न लावल्यास माउस अडखळत असे. त्याला 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड', म्हणजे वापरात नसलेले यूएसबी उपकरण झोपवणारे सेटिंग, कारणीभूत होते, ते बंद केल्यावर प्रश्न मिटला. एक गोष्ट मात्र कोणत्याही सेटिंगने सुटत नाही. मूळ ६५ वॅटचा चार्जर घरी विसरून मोबाइलचा लहान टाइप-सी चार्जर लावला, तर चार्जिंगचे चिन्ह दिसते खरे, पण हा लॅपटॉप स्वतःहून वेग उतरवतो. त्यामुळे पॅकिंगच्या शेडमध्ये आता दुसरा ६५ वॅटचा चार्जर कायमचा टांगून ठेवला आहे.