समावेशकतेची एक दिवसाची कार्यशाळा: हॉलपेक्षा लाइनवरची फेरी मोलाची

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा एमआयडीसीतल्या कारखान्यांत 'विविधता आणि समावेशकता' शिकवणाऱ्या बाहेरच्या संस्था येतात. साचा बहुधा एकच: सकाळी कायदा, मग एक खेळ, जेवणानंतर वादचर्चा आणि शेवटी कारखान्यात फेरी. यातला कोणता भाग घ्यावा आणि कोणता नाकारावा, हे एचआरने बुकिंगच्या आधीच ठरवलेलं बरं.

कायद्याचा भाग ठीक असतो. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, १० कर्मचारी झाले की अंतर्गत समिती, अध्यक्षपदी वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा, चौकशी ९० दिवसांत, हे सगळं नीट सांगतात. गफलत होते ती 'कर्मचारी' या शब्दावर. उदाहरणं सगळी ऑफिसातली. कायद्याच्या व्याख्येत मात्र ठेकेदाराकडचे, रोजंदारीवरचे आणि शिकाऊ उमेदवारही येतात. पॅकिंगला ठेकेदाराकडून आलेल्या बायांना समितीतलं एकही नाव सांगता येत नसेल, तर नोटीस बोर्डावरची यादी कशासाठी?

'एक पाऊल पुढे' हा खेळ सरळ नाकारा. आईवडील कॉलेजात गेले होते का, घरी शेती किती, असे प्रश्न विचारत, ज्याची परिस्थिती बरी त्याला एकेक पाऊल पुढे सरकवतात. एकाच तालुक्यातली पोरं एका रांगेत उभी असली की पाचव्या प्रश्नाला मागे कोण राहिलं आणि का, हे सगळ्यांना कळतं. आडनावं माहीत असतातच. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला त्याच कँटीनच्या टेबलावर बसायचं असतं. खेळ घ्यायचाच असेल तर प्रत्येकाला पात्राची चिठ्ठी द्यायला सांगा: 'ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी, आयटीआय फिटर', 'कर्णबधिर ऑपरेटर'. पावलं त्या पात्राची टाकायची, स्वतःची नाही.

वादचर्चेचं यश विषयावर ठरतं. 'विविधतेने गुणवत्ता घसरते का?' असा मोघम विषय ठेवला की बोलणं थेट आरक्षणावर जातं. अंतरवाली सराटीतल्या २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर तर मराठवाड्यातला कुठलाही हॉल दहा मिनिटांत दोन गटांत बसतो. खासगी कारखान्याच्या भरतीला सरकारी नोकरीतलं जातीचं आरक्षण लागू नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं. विषय हाताला लागेल एवढा लहान घ्या: 'पहिल्या चाळणीत बायोडाट्यावरचं आडनाव आणि गाव झाकावं का?' १५ मिनिटांनी दोन्ही बाजूंना जागा बदलायला लावा. सुपरवायझरांची बॅच वेगळी ठेवा, कारण साहेबासमोर लाइनवरचा माणूस तोंड उघडत नाही. अशा चर्चेतून कामाची गोष्ट निघते. उदाहरणार्थ, वेल्डिंगच्या चाचणीत तुकड्यावर नावाऐवजी नंबर टाकायचा आणि गुण देणाऱ्यांनी आपसात बोलण्याआधी आकडे लिहून द्यायचे. 'आपल्या गावचा आहे, घ्या' या भरतीला एवढ्याने बराच आळा बसतो.

खरी वसुली फेरीत होते, आणि नेमका हाच भाग वेळ संपला म्हणून २० मिनिटांत उरकतात. दोन तास मागा. हातात मोजायची टेप हवी. व्हीलचेअरच्या रॅम्पला १ उंचीला १२ लांबी लागते. म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या ओट्याला ५.४ मीटर रॅम्प. गेटजवळ बहुतेक ठिकाणी याच्या निम्म्या लांबीचा सिमेंटचा उतार असतो, आणि त्यावरून खुर्ची चढत नाही, उतरताना सुटते. महिलांचं स्वच्छतागृह लाइनपासून किती पावलांवर आहे ते मोजा, चहाच्या सुट्टीत जाऊन परत येता येतं का ते पाहा. ५० कर्मचाऱ्यांपासून पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. दारावर पाटी आणि आत खोके रचलेले असतील तर तसंच अहवालात लिहून घ्या.

बुकिंग करताना तीन अटी लेखी घ्या: ठेकेदाराकडच्या कामगारांची एक बॅच, सेकंड शिफ्टसाठी वेगळं सत्र, आणि तीन महिन्यांनी त्याच टेपने दुसरी फेरी. फक्त हॉल आणि प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेला पैसे देऊ नका.