मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाईंचा अनुभव (पुणे, सदाशिव पेठ)

आईबाबांचं मृत्युपत्र यांच्याकडूनच करून घेतलं आणि खरंच सांगते, इतकं शांतपणे समजावून सांगणारं माणूस मिळणं अवघड आहे. बाबांचं म्हणणं होतं की सोसायटीत, बँकेत सगळीकडे नॉमिनी लावलाय मग वेगळं कशाला, तर मॅडमनी सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो फक्त वारसांच्या वतीने सांभाळणारा, शेअर्सबाबतही सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हेच म्हटलंय. स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण दोन साक्षीदार हवेतच. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका म्हणाल्या, आणि साक्षीदार शक्यतो आईबाबांपेक्षा वयाने लहान घ्या, उद्या कोर्टात लागले तर हयात हवेत ना! आईच्या पाटल्या-बांगड्यांचं तिला स्वतःला काय वाटतं हे बाबांना बाहेर बसवून विचारलं, ते मला फार आवडलं. प्रत्येक पानावर सह्या, शिवाय फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडायला लावलं. फी थोडी जास्त वाटेल, आणि अपॉइंटमेंट असूनही ताटकळावं लागतं, पार्किंग तर विसराच. तरी घरात फ्लॅट आणि दोन-तीन भावंडं असतील तर नक्की जा, आईवडील धडधाकट आहेत तोवरच.