नऊ महिने, ११,००० किलोमीटर: ई-क्लासच्या गिअरबॉक्सचं तेल घरी बदलल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या मर्सिडीज ई २२० सीडीआयच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल घरच्या अंगणात, कोल्हापुरात बदललं. तेव्हा गाडी १,३८,००० किलोमीटर चालली होती, आज १,४९,००० झालेत. मधे अख्खा उन्हाळा गेला, पावसाळाही निम्म्याहून जास्त सरला, आणि सासुरवाडी कणकवलीला असल्यामुळे राधानगरीमार्गे फोंडा घाट महिन्यातून एकदा तरी होतोच. काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुकच लिहिलं असतं. म्हणून थांबलो.

गाडी २००७ची, ई-क्लासची डब्ल्यू २११ ही पिढी. मर्सिडीजचा चाकणचा कारखाना २००९मध्ये सुरू झाला, त्याच्या आधीची. माझ्याकडे आली तेव्हा तिसऱ्या मालकाची झाली. फाईलमध्ये इंजिन ऑइलच्या पावत्या ओळीने लावलेल्या होत्या, गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नव्हती. आत पाच गिअरचा ७२२.६ हा गिअरबॉक्स आहे. १९९६च्या सुमारास तो आला तेव्हा त्यातलं तेल आयुष्यभराचं आहे, असं सांगितलं जायचं. पुढे कंपनीनेच ६०,००० किलोमीटरला एकदा बदलायला सांगितलं. पण आपल्याकडे पहिलंच वाक्य लोकांच्या डोक्यात बसलंय. मी विचारायला गेलो त्या एका गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, ‘सीलबंद आहे साहेब, हात लावू नका.’ दुसऱ्या ठिकाणी पॉवर स्टिअरिंगला घालतात तेच लाल तेल ड्रममधून काढून घालू म्हणाले. तिथून मी तसाच परत आलो.

हे दुसरं उत्तर मला पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतं. या गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, लॉकअप क्लच असतो, आणि तो पुष्कळ वेळ पूर्ण न चिकटता किंचित घसरत चालतो. मुद्दामच, म्हणजे इंजिनचे हिसके गाडीत उतरत नाहीत. या घसरण्यात घर्षण किती हवं ते तेलावर ठरतं. तेल जुनं झालं किंवा चुकीचं पडलं की क्लच एकसारखा न घसरता धरतो-सोडतो, धरतो-सोडतो. माझ्या गाडीत तेच होत होतं. कागलच्या बाजूला हायवेवर ६०-७०च्या वेगाला, ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच असताना, रंबलरवरून चाललोय अशी थरथर यायची. दोन-तीन सेकंद टिकायची आणि पाय जरा दाबला की जायची. शिवाय सकाळी थंड गाडी रिव्हर्सला टाकली की क्षणभर काहीच व्हायचं नाही, मग टक्‌कन गिअर पडायचा. आणि सिग्नलला थांबता थांबता, दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना, मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका बसायचा.

ज्यांना अशी थरथर जाणवते त्यांनी तेल विकत घेण्याआधी एक गोष्ट बघावी. या गाडीत गिअरबॉक्सचं तेल थंड करायची सोय रेडिएटरच्या आतच असते. ती आतून फुटली की कूलंट तेलात मिसळतं, आणि त्यानेही अगदी अशीच थरथर येते. तसं झालं असेल तर तेल दुधाळ गुलाबी दिसतं, कूलंटही कमी होत जातं, आणि नुसतं तेल बदलून भागत नाही. माझं तेल काळपट होतं पण दुधाळ नव्हतं, कूलंटची पातळीही जागेवर होती. मगच मी खर्चाला हात घातला.

तेल घेतलं फुक्स टायटन एटीएफ ४१३४, कारण या गिअरबॉक्सला चालणारी मर्सिडीजची २३६.१४ ही मान्यता त्यावर आहे. २३६.१५चं निळं तेल बाजारात दिसतं, ते नंतरच्या सात गिअरच्या बॉक्ससाठी आहे. नवीन आहे म्हणून ते यात घालू नका. नऊ लिटर तेल, फिल्टर, चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ट्रेचं) पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वायसर, १३ पिनांच्या वायरिंग प्लगची नवी बुशिंग, भरायच्या नळीच्या झाकणाची लाल पिन आणि पातळी मोजायची लांब काडी, सगळं मिळून वीस हजारांच्या आत बसलं. काडी वेगळी घ्यावीच लागते. गाडीत भरायची नळी आहे पण डिपस्टिक नाही, ती वर्कशॉपकडेच असते.

आमच्या शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका राहतात. मी गाडी चारही बाजूंनी जॅक स्टँडवर घेतली, हलवून बघितली आणि खाली सरकलो, तर ते म्हणाले, ‘आधी वरचं भरायचं तोंड उघडतंय का बघ. मग खालचा बोल्ट सोड.’ खालून सगळं तेल काढून बसलो आणि वरचं झाकण निघालंच नाही, तर गाडी जागची हलत नाही. झाकणावरची लाल पिन तोडूनच काढावी लागते, म्हणून नवी आणलेली असावी. झाकण निघालं, तेव्हा कुठे ५ एमएमची ॲलन की खाली लावली.

निघालेलं तेल कोऱ्या चहासारखं होतं, आणि वासाला करपट. नवं तेल कोकम सरबतासारखं लाल असतं. चेंबर टी-३०च्या सहा बोल्टांवर असतं. ते खाली घेतलं आणि आतल्या चुंबकावर राखाडी लेप दिसला, लोण्यासारखा मऊ. तो मी बोटांवर घेऊन टॉर्चच्या उजेडात कितीतरी वेळ चोळत बसलो. काजळासारखा पसरला, कुठे कण टोचला नाही. हा लेप म्हणजे क्लचची नेहमीची झीज. बोटाला चमकती कीस किंवा तुकडा लागला असता, तर मी तिथेच काम थांबवून गिअरबॉक्सवाला शोधला असता. बाबांनी आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर काम केलं. ते खुर्ची टाकून बसले होते. मी कॉटन वेस्ट घेऊन चेंबर पुसायला लागलो तसं त्यांनी हात धरला. त्याचा एक धागा सुटून आतल्या बारीक वाटेत अडकला की व्हॉल्व्ह अडतो. चष्मा पुसायच्या जातीचं, धागा न सोडणारं कापड त्यांनीच आतून आणून दिलं.

या सगळ्यात मी सगळ्यात जास्त मोलाचं काम कुठलं म्हणेन, तर ती १३ पिनांची बुशिंग. प्लास्टिकचा हा तुकडा गिअरबॉक्सच्या कुशीला बसतो आणि एका बोल्टवर असतो. त्याच्या ओ-रिंग कडक झाल्या की तेल प्लगमध्ये शिरतं. तिथून ते थेंबथेंब जमिनीवर पडतं एवढंच नाही, दिव्याच्या वातीत चढावं तसं ते वायरच्या आतून वर चढत थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत, म्हणजे गिअर चालवणाऱ्या छोट्या संगणकापर्यंत, जाऊ शकतं. माझा प्लग काढला तर पिना तेलाने ओल्या होत्या. पोटात गोळा आला. पायाखालचं कार्पेट उचलून युनिटचा कनेक्टर बघितला, तो कोरडा होता. आणखी वर्ष-दोन वर्षं दुर्लक्ष केलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. सगळ्या खर्चातला हा अगदी स्वस्त भाग, आणि तेल आतून निघालेलं असतानाच तो बदलून घ्यावा.

चेंबरचे बोल्ट ८ न्यूटन-मीटरला आवळायचे, ड्रेन बोल्ट २०ला. टॉर्क पाना नसेल तर मागून आणा. हाताच्या अंदाजाने सहज जास्त आवळलं जातं.

मग तेल भरणं. खरं काम इथून सुरू होतं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. निघालेलं तेल मी मापात मोजून ठेवलं होतं, चार लिटरच्या आसपास. तेवढंच वरच्या नळीतून लांब नरसाळ्याने हळूहळू सोडलं. गाडी जमिनीवर घेतली, ब्रेक दाबून ठेवून सगळ्या गिअरमधून फिरवलं आणि वीसेक किलोमीटरची चक्कर मारून आलो. पातळी बघायची ती तेल ८० अंशांवर असताना, इंजिन चालू, गिअर पी-मध्ये (पार्किंग), गाडी सपाट जागेवर. काडीवर २५ अंशांची खूण असते, पण ती फक्त सुरुवातीच्या अंदाजासाठी. शेवटचा निकाल ८०च्या दोन खुणांवरच लावायचा.

तापमान बघताना मी अर्धा तास हैराण झालो. स्कॅनरवर गिअरबॉक्सचं तापमान काही केल्या पटेना. नंतर कळलं, या बॉक्सचा तापमानाचा सेन्सर आणि पी किंवा एनमध्येच (न्यूट्रल) स्टार्टर फिरू देणारा संपर्क एकाच वायरीवर, एकामागोमाग जोडलेले आहेत. त्यामुळे पी किंवा एनमध्ये खरं तापमान दिसतच नाही. ब्रेक घट्ट दाबून डी-मध्ये (ड्राइव्ह) टाका, आकडा बघा, मग पी-मध्ये येऊन लगेच काडी घाला. हे माहीत नसलं तर माणूस चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून पातळी लावतो.

दुसरी अडचण नळीची. नुकतंच तेल ओतलेलं असल्यामुळे तिच्या भिंती आतून ओल्या असतात, आणि काडी बाहेर येताना पुसटशी सगळीकडेच लाल होते. मला पातळी कमी वाटली म्हणून थोडं घातलं, आणि दुसऱ्या दिवशी गरम करून बघितलं तर खुणेच्या वर. जास्त तेलही वाईटच. फिरत्या भागांनी ते घुसळून फेस होतो, आणि फेसाने दाब धरत नाही. मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून मी ते त्याच तोंडातून ओढून काढलं. चार-पाच वेळा काडी घातली, दर वेळी पुसून. सलग तीन वेळा एकच खूण आली तेव्हा झाकण लावलं. त्या दोन दिवसांत माझा अर्ध्याहून जास्त वेळ याच कामात गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मी आजही म्हणतो.

माझ्या कन्व्हर्टरला ड्रेन बोल्ट नाही. जुन्या गाड्यांना असायचा. त्यामुळे एका वेळी आठेक लिटरपैकी निम्मंच तेल निघतं. म्हणून १,२०० किलोमीटरनंतर, चेंबर न उघडता, नुसत्या ड्रेन बोल्टमधून पुन्हा चार लिटर काढून नवं भरलं. हिशेबाने जुनं आता पावभागच उरलं. दुसऱ्या वेळी निघालेलं तेल तपकिरी नव्हतं, मळकट लाल होतं.

आता फरकाचं. सकाळी रिव्हर्स पडायला लागणारा उशीर पहिल्याच फेरीत गेला आणि परत आलेला नाही. थरथर पहिल्या फेरीनंतर कमी झाली, गेली नाही. तेव्हा मन खट्टू झालं होतं. दुसऱ्या फेरीनंतर तीन-चारशे किलोमीटर चालल्यावर एक दिवस निपाणीहून परत येताना लक्षात आलं की आज ती आलीच नाही. त्यानंतर आजपर्यंत नाही. घाट उतरताना मी लिव्हर डावीकडे ओढून तिसरा किंवा दुसरा गिअर धरून ठेवतो, तिथे गिअर पडणं पूर्वीपेक्षा नितळ आहे. माझ्याबरोबर बसणाऱ्या बायकोनेही ते न सांगता ओळखलं.

दुसऱ्यावरून पहिल्यावर येतानाचा हिसका मात्र पूर्ण गेला नाही. गाडी गरम असली की जाणवत नाही, सकाळी पहिल्या दोन-तीन सिग्नलना अजून जाणवतो. तो तेलाचा नाही, आतल्या झिजेचा असावा असं माझं मत झालंय, आणि नुसत्या तेलाने तो जाईल अशी आशा कुणी ठेवू नये. डिझेलच्या ॲव्हरेजमध्येही फरक नाही. टाकी ते टाकी मोजून बघितलंय.

काढलेल्या तेलाबद्दल मनापासून सांगतो. ते गटारात ओतू नका, अंगणाच्या कडेलाही नको. आपल्या गटारांचं शेवटी काय होतं ते पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्याला सांगायला नको. वापरलेलं तेल कायद्यानेच घातक कचऱ्यात मोडतं. मी दोन्ही वेळचं तेल कॅनमध्ये भरून अशा गॅरेजमध्ये नेऊन दिलं, जिथून नोंदणी असलेला रिसायकलवाला ते उचलतो. दोघा-तिघांना विचारावं लागलं, पण मिळाला.

गेल्या रविवारी पाऊस उघडला तेव्हा बुशिंगच्या खाली रात्रभर पांढरा पुठ्ठा टाकून ठेवला. सकाळी त्यावर एकही डाग नव्हता. मग चक्कर मारून तेल गरम केलं आणि काडी घातली. पातळी ८०च्या दोन खुणांच्या बरोबर मधे, तेल अजून लाल, वास स्वच्छ. नऊपैकी उरलेलं लिटरभर तेल झाकण घट्ट लावून कपाटात ठेवलंय.