मांडीच्या न जुळणाऱ्या हाडासाठी अल्ट्रासाऊंड मशीन : बरेच महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. हाड जुळलं. पण ते मशीनमुळे जुळलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, आणि ते का, हे सांगायलाच एवढं लांबलचक लिहितोय.

फीमर, म्हणजे मांडीचं हाड, मधोमध मोडलं होतं. ऑपरेशन करून हाडाच्या आत रॉड टाकला, वर-खाली स्क्रू बसवले. टाके भरले, सूज उतरली, पण दर एक्स-रेला डॉक्टरांचं तेच: "अजून गॅप दिसतोय." कॅलस, म्हणजे हाडाभोवती धरणारा नव्या हाडाचा ढगाळ गोळा, एका बाजूला दिसायचा, दुसरी बाजू कोरडी ठणठणीत. तेव्हा हे मशीन घेतलं.

डबा लहानसा, त्याला वायरीने जोडलेलं चपटं गोल हेड आणि मांडीला बांधायचा पट्टा. हेडला जेल लावायचं, मोडलेल्या जागेवर टेकवायचं, बटण दाबायचं, रोज २० मिनिटं. वेळ संपली की बीप वाजते. लहरी १.५ मेगाहर्ट्झच्या आणि ताकद दर चौरस सेंटिमीटरला फक्त ३० मिलिवॅट, त्यामुळे ना चटका, ना मुंग्या, ना शेक. सुरुवातीला वाटायचं, चालू आहे की नाही? फिजिओकडे शेकासाठी जो अल्ट्रासाऊंड फिरवतात तो वेगळा, त्याची ताकद कितीतरी जास्त असते. याच्या जागी तो चालवून घेऊ नका.

खरी कटकट जागेची. नडगीचं हाड कातडीखाली हाताला लागतं, मांडीत मात्र वर सगळं मांस. एक्स-रे समोर धरून फिजिओने मार्करने फुली काढून दिली, ती आंघोळीत पुसट व्हायची आणि पुन्हा गिरवावी लागायची. त्यात मांडी खाली निमुळती, म्हणून पट्टा गुडघ्याकडे घसरतो. पाय वापरात नसल्याने स्नायू वाळले होते, पट्ट्याची पकड आणखी आत ओढली तरी सैलच. शेवटी उताणं पडून, गुडघ्याखाली उशी घेऊन बसवायला लागलो तेव्हा हेड जागेवर राहू लागलं. जेल कोरडं झालं की त्याच्या पापड्या पडतात, ओल्या फडक्याने लगेच पुसलेलं बरं.

आता मुद्द्याचं. मशीन चालू असतानाच डॉक्टरांनी डायनॅमायझेशन केलं, म्हणजे रॉडच्या एका टोकाचे स्क्रू काढले. दोन्हीकडून स्क्रूने जखडलेला रॉड हाडाची लांबी राखतो हे चांगलंच, पण मधे फट राहिली असेल तर तो तीही तशीच राखतो. एका बाजूने मोकळीक दिली की चालताना वजन पडून हाडाची टोकं एकमेकांवर दाबली जातात. याने पाय किंचित आखूड होऊ शकतो, म्हणून ते सरसकट करत नाहीत. त्याच सुमारास रक्तात व्हिटॅमिन डी कमी निघालं, त्याचंही औषध सुरू झालं. पुढच्या एक्स-रेत कोरडी बाजू धरू लागली. श्रेय कुणाला द्यायचं, सांगा!

मशीनच्या पत्रकात परवानगीची गोष्ट ठळक छापलेली असते, आणि ती खरी आहे: औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने १९९४ मध्ये काही ताज्या फ्रॅक्चरसाठी आणि २००० मध्ये न जुळलेल्या हाडांसाठी मान्यता दिली. पत्रकात जे सापडणार नाही ते असं: २०१६ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ५०१ रुग्णांचा अभ्यास आला. सगळे नडगी मोडून रॉड टाकलेले. निम्म्यांना खरं मशीन, निम्म्यांना हुबेहूब दिसणारं पण लहरी न सोडणारं. हाड भरण्यात किंवा हिंडू-फिरू लागण्यात फरक पडला नाही. ती फ्रॅक्चर ताजी होती आणि मांडीची नव्हती, तेव्हा माझ्यासारख्या रखडलेल्या केसला तो निकाल जसाच्या तसा लागू करता येत नाही. पण विकणाऱ्याच्या उत्साहावर पाणी ओतायला तेवढा पुरे.

माझी मुख्य तक्रार मशीनच्या कामाबद्दल नाहीच. हातात रोज करायला काहीतरी असलं की माणूस आणखी एक महिना बघू म्हणत राहतो, आणि इथे थांबण्याला हद्द आहे. हाड भार घेत नाही तोवर सगळा भार धातूवर, आणि धातूही थकतो. स्क्रू तुटू शकतात, रॉडही तुटू शकतो. नऊ महिने उलटले आणि शेवटचे तीन महिने एक्स-रेत काहीच पुढे सरकलं नाही, तर सहसा त्याला नॉनयुनियन, म्हणजे न जुळलेलं हाड, म्हणतात. तिथवर वाट बघायलाच हवी असंही नाही. सीआरपी आणि ईएसआर या रक्ताच्या तपासण्या करून आत इन्फेक्शन तर नाही ना, हे मशीन घेण्याआधीच विचारा. इन्फेक्शन असेल तर वरून लहरी सोडून ते जाणार नाही. आहे तो रॉड काढून जास्त जाड रॉड टाकणं, कमरेच्या हाडातून ग्राफ्ट, म्हणजे फटीत भरायला थोडं हाड, घेणं हे पर्यायही तेव्हाच समजून घ्या. सिगारेट-तंबाखू चालू ठेवून मशीन बांधणाऱ्याने दोन्हीपैकी एक सोडावं. कोणतं, ते उघड आहे.

घरात कुणी हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं अॅलेंड्रोनेट घेत असेल आणि किरकोळ पडण्याने मांडी मोडली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशी फ्रॅक्चर बऱ्याचदा रेंगाळतात, आणि दुसऱ्या मांडीचाही एक्स-रे काढावा लागतो.

वापरायला सोपं म्हणून पाचपैकी चार. हाड जुळवण्याचे गुण मी कोरे ठेवतोय. सर्जन स्वतःहून म्हणत असतील, फट बारीक असेल, रॉड घट्ट असेल आणि इन्फेक्शन नसेल, तर वापरून बघायला हरकत नाही. मात्र पुढच्या एक्स-रेची तारीख आणि तेव्हा काही दिसलं नाही तर काय करायचं, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि भाड्याने मिळत असेल तर विकत घेऊ नका.