ठाण्यातलं जर्सीवालं दुकान: प्रिंट एक नंबर, कापड ठीकठाक

ठाणे वेस्टला गावदेवी मार्केटच्या बाजूच्या गल्लीत जर्सी प्रिंट करून देणारं एक छोटं दुकान आहे, बोर्ड दिसणारच नाही कारण बाहेर जर्स्याच एवढ्या टांगल्यात. नाव-नंबर टाकून घ्यायचा असेल तर डोळे झाकून जा. नुसती रेडीमेड जर्सी हवी असेल तर मात्र आधी हे वाचा.

भिंतीवर नेहमीचेच लोक आहेत, मेस्सी, रोनाल्डो, एम्बाप्पे, आणि आता लहान पोरांसाठी यामाल. मुंबई सिटीची, म्हणजे आयएसएलमधल्या (भारताची फुटबॉल लीग) आपल्या टीमची मागितली तर पोरगा स्टुलावर चढला आणि वरच्या गोणीतून एकच पीस काढला, प्लेअर छांगतेचं नाव आधीच छापलेलं आणि साईझ एम, म्हणजे माझ्या पोटाला तर नाहीच. मग प्लेन आकाशी (मुंबई सिटीचा रंग) जर्सी घेतली आणि म्हटलं यावर ओगबेचे टाक, आपल्याकडून एक सीझन खेळलेला नायजेरियन स्ट्रायकर. पोरगा म्हणाला कोण?

आतून दुकानवाले काका ओरडले, "अरे हैदराबादवाला!" आणि तिथे आमचं जे सुरू झालं ते मागे उभ्या कस्टमरने घड्याळ दाखवेपर्यंत. मी म्हटलं काका, हैदराबादचा काय, आपला आहे तो. काका म्हणाले, केरळवाल्यांना विचार, ते पण हेच बोलतील. आता यात काकांचं चुकत नव्हतं, हा माणूस कुठल्या एका क्लबचा कधी राहिलाच नाही. नायजेरियातून कोवळ्या वयात पॅरिसला पीएसजी क्लबच्या अकॅडमीत, 2001 च्या सीझनला तिकडच्या मेन टीममध्ये, ड्रेसिंग रूममध्ये ओकोचा आणि रोनाल्डिन्होसारखे स्टार, आणि 2002 च्या वर्ल्डकपला सतरा वर्षांचा असताना नायजेरियाकडून अर्जेंटिनाविरुद्ध पहिल्यापासून मैदानात! आपण सतराव्या वर्षी बारावीचे क्लास लावत होतो. एवढी सुरुवात झालेला प्लेअर पुढे सुपरस्टार व्हायला पाहिजे ना, पण नाही झाला. फ्रान्समध्येच लोनवर (उधारीवर दुसऱ्या क्लबला) इकडून तिकडे, मग यूएई, स्पेनमध्ये अलावेस, वायादोलिद, कादिझ, मग ग्रीस, इंग्लंडला मिडल्सब्रो, नेदरलँड्सला विलेम टू. बॅग कधी पूर्ण उघडलीच नसणार.

आणि 2018 ला आयएसएलमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडने त्याला आणला तेव्हा वय तेहतीस संपत आलेलं. मी तर तेव्हा म्हणालो होतो आला अजून एक रिटायरमेंटचे पैसे घ्यायला. त्याने चेन्नईयिनविरुद्ध हॅटट्रिक मारली, सीझनला 12 गोल, नॉर्थईस्ट पहिल्यांदा प्लेऑफला. पुढच्या वर्षी केरळा ब्लास्टर्सला 15, दुसऱ्या टीमच्या रॉय कृष्णा आणि वाल्स्किसचे पण तेवढेच, गोल्डन बूट (सगळ्यात जास्त गोलचं बक्षीस) गेला वाल्स्किसकडे. मग आपल्याकडे, मुंबई सिटीत, 8. आकडा छोटा वाटतो, पण शील्ड (लीग टेबलमध्ये पहिल्या येणाऱ्याची) ज्या मॅचवर ठरली त्यात मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल त्याचा, आणि 13 मार्च 2021 च्या फायनलला 90 व्या मिनिटाला आपल्या बिपिनने जो गोल मारला तो बॉल त्याला दिला कोणी? यानेच. अख्खा सीझन कोविडमुळे गोव्यात रिकाम्या स्टँडसमोर झाला, म्हणजे आपल्या जर्सीत त्याला आपण स्टेडियममध्ये बसून एकदाही बघितला नाही. म्हणून तर मला आकाशीवरच पाहिजे होतं नाव. डबल, म्हणजे शील्ड आणि कप दोन्ही, जिंकून दिल्यावर आपण सोडला त्याला (माझ्या मते हा मूर्खपणाच) आणि सदतिसाव्या वर्षी हैदराबादकडून 18 ठोकून गोल्डन बूट, वर फायनलला ब्लास्टर्सलाच पेनल्टीवर हरवून कप. त्याच्या पुढच्या सीझनला अजून 10. हे ऐकून काकांनी मान हलवली आणि म्हणाले, बघ मी सांगितलं ना हैदराबादवाला.

नंबर मी 63 टाकायला सांगितला, आयएसएलमधले त्याचे टोटल गोल. 2024 ला सुनील छेत्रीने तो सगळ्यात जास्त गोलचा रेकॉर्ड मोडला, ठीक आहे, छेत्रीच आहे, त्याने मोडलेला चालतो. पोरगा बिचारा दोनदा विचारून गेला, खरंच त्रेसष्ट?

आता प्रिंटबद्दल. काका आधी कापड बघतात मग सांगतात काय चालेल, हे आवडलं. सब्लिमेशन पाहिजे असेल तर पॉलिएस्टर आणि तेही पांढरं किंवा फिकं लागतं कारण शाई कापडातच मुरते, वर रंग चढत नाही. माझ्या आकाशीवर पांढरं नाव हवं होतं म्हणून व्हायनल (प्लास्टिकची पातळ शीट) कापून हीट प्रेसने मारलं. कडा साफ, अक्षरं सरळ रेषेत, खेचून बघितलं तरी तडा नाही. घोडबंदरच्या टर्फवर घालून घामाने चिंब झाली, धुतली, अजून एक अक्षर सुटलेलं नाही. उलटी करून गार पाण्यात धुवा, प्रिंटवर इस्त्री अजिबात नको, हे ते स्वतः सांगतात.

कापड मात्र ओके. डॉट निट (बारीक भोकांचं जर्सीचं कापड) म्हणून देतात पण पातळ आहे, काखेची शिलाई लगेच उसवायला लागली, आईने दोन टाके घातले. साईझ पण लहान येते, एल घालणाऱ्याने एक्सएल घ्यावी. आणि संध्याकाळी सातला देतो म्हणाले ते दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली, मेसेज टाकला तर ब्लू टिक आणि शांतता. दुकानात गेलं की काका इतकं गोड बोलतात की भांडता येत नाही.

जर्सी आणि प्रिंट मिळून सातशेच्या आत झालं. स्वतःची चांगली जर्सी घेऊन गेलात तर फक्त प्रिंटचे पैसे घेतात, माझ्या मते तेच करा. यूपीआय चालतं. गाडी नेऊ नका, स्टेशनवरून चालत जा, आणि रविवारी संध्याकाळी तर जाऊच नका, सोसायटीच्या क्रिकेट टीमवाले पंधरा-पंधरा टी-शर्ट घेऊन उभे असतात.