एकराचा हिशोब दहा गुंठ्यांना लावला

आमची जमीन कोरेगाव तालुक्यात, सगळी मिळून दोन एकर. ऊस, आलं आणि घरापुरती ज्वारी. आल्याला बरा दर सापडला त्या वर्षी पॉलिहाऊस, म्हणजे पाइपच्या सांगाड्यावर प्लॅस्टिक ताणून केलेलं शेतघर, उभारणाऱ्या एका एजन्सीचा माणूस घरी आला. वडिलांना ‘आबा, आबा’ करत ओसरीवर बसला आणि पिशवीतून एक छापील कागद काढला. एक एकर जरबेरा : चोवीस हजार रोपं, रोपाला वर्षाला चाळीस फुलं, फुलाला तीन रुपये. झाले 28 लाख 80 हजार. खर्च 12 लाख 80 हजार, शिल्लक 16 लाख.

“तुम्ही दहा गुंठ्यांत करणार, म्हणजे एकराला चारनं भागा आबा. वर्षाला चार लाख कुठं गेले नाहीत.”

आबांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. आमची खरी फसवणूक त्या भागाकारातच झाली.

फुलं चारनं भागली जातात, खर्च भागला जात नाही. कागदावर एकराला चार माणसं होती, म्हणजे आम्हाला एक. पण फुलं तोडायची, फुलांना प्लॅस्टिकच्या टोप्या घालायच्या, दहा-दहा फुलांच्या गड्ड्या बांधायच्या, फवारणीला पाइप ओढायला दुसरा हात लागतो, आणि जत्रेलाही सुट्टी नाही. शेवटी एक जोडपं ठेवावं लागलं. फिल्टर, मोटर, खताची टाकी आणि सल्लागाराची फी एकराला लागते जवळपास तेवढीच आम्हालाही लागली. उभारणीचंही तेच. अनुदानासाठी सरकार जो खर्च धरतं त्या 2014 च्या मापदंडात मोठ्या पॉलिहाऊसला चौरस मीटरला 844 रुपये धरले होते, आमच्या आकाराला 935. हे मी पैसे गेल्यावर वाचलं.

वाहतुकीनं तर कंबर मोडली. एकरवाल्याच्या बांधावर टेम्पो येतो. आमच्या दोन खोक्यांसाठी कोण येणार? मी रोज संध्याकाळी मोटरसायकलवर खोकी बांधून हायवेला नेत होतो. हैदराबाद-दिल्लीचा व्यापारी एवढ्याशा मालाला विचारत नाही, त्यामुळे पुण्याच्या गुलटेकडी बाजारात मिळेल तो दर. लग्नसराईत चांगला मिळाला, खोटं बोलणार नाही. पण पितृपक्षातली आडत्याची एक विक्रीची पट्टी मी जपून ठेवलीय : साठ गड्ड्या, गड्डीला पाच रुपये, विक्री तीनशे. भाडं, हमाली, आडत जाऊन हातात 84 रुपये. खोकी आणि टोप्यांचा खर्च वेगळाच. तीन रुपये हा दर त्या कागदावर बाराही महिने होता.

आता बाकीचं. कोटेशनमध्ये पाइपची जाडी दोन मिलिमीटर लिहिली होती. वळवाच्या वाऱ्यात एक बाजू वाकली तेव्हा गावातल्या वेल्डिंगवाल्यानं व्हर्नियर लावून दाखवलं, दीडसुद्धा भरली नाही. रोपं ‘टिश्यू कल्चरची’, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, म्हणून घेतली. लावताना रोपांच्या बुडख्यावर जुन्या कापाचे तपकिरी डाग दिसत होते, मला वाटलं वाटेत लागलं असेल. वाईकडचा एक अनुभवी शेतकरी आला, एक रोप उपटून माती झटकली आणि म्हणाला, “दादा, ही कुणाच्या तरी उपटलेल्या प्लॉटची फुटवं आहेत.” पहिल्या पावसाळ्यातच मर रोग लागला, रोपं सुकायला लागली. तिसरा हिस्सा प्लॉट बसला.

आणि अनुदान. ते निम्मं मिळतं हे खरं, पण निम्मं मापदंडाच्या रकमेचं, आपल्या बिलाचं नव्हे. शिवाय कृषी खात्याची पूर्वसंमती हातात आल्यावरच काम सुरू करायचं असतं. एजन्सीवाला म्हणाला, “फाइल आम्ही करतो, तुम्ही उभारा.” उभारलं. फाइल परत आली. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला सुरू झाला.

पॉलिहाऊस करूच नका असं माझं म्हणणं नाही. वाईच्या त्याच शेतकऱ्याचं एकराचं चांगलं चाललंय. पण दहा गुंठे करणार असाल तर दहा गुंठ्यांचाच हिशोब मागा, आणि तेवढ्याच आकाराच्या, तीन वर्षं झालेल्या प्लॉटवर स्वतः जा. मालकाकडं पितृपक्षातल्या आणि आषाढातल्या पट्ट्या मागा. पाइप उतरवताना व्हर्नियर हातात असू द्या. रोपांचं बिल थेट प्रयोगशाळेचं घ्या. शेजारचे तिघं-चौघं एकत्र येऊन एका टेम्पोपुरती फुलं होत असतील तर निम्मा प्रश्न सुटतो. आम्हाला हे सुचलं तोवर आमच्यासारखे पॉलिहाऊसवाले शेजारचे दोघं कर्जात होते.

तो छापील कागद आणि ती 84 रुपयांची पट्टी, दोन्ही आबांनी एकाच पिशवीत ठेवलीत. मागच्या महिन्यात माझ्या मेहुण्याकडं तसाच कागद घेऊन एकजण आला, तेव्हा आबा ती पिशवी घेऊन स्वतः एसटीनं रहिमतपूरला गेले.